नाव झाकलेला लेख

पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवून ती पोरगी वाकून पाया पडली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही." मी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत राहिले. उपकार? मी? आमच्या ऑफिसातून लोक चिडून गेलेत, रडून गेलेत. एक प्राध्यापक तर असं दार आपटून गेले की कडीच निखळली. पेढे घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

ऑफिस म्हणजे पंचवटीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्या. खाली दळण सुरू झालं की वर टेबल थरथरतं, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि सगळ्या कागदांवर पीठ बसतं. संस्था ना-नफा आहे असं पाटीवर लिहिलंय. नसतं लिहिलं तरी आत आल्यावर कुणाला शंका आली नसती. महाराष्ट्रात कुठे कुठे, एखाद्या मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर, संशोधनाची छोटी नियतकालिकं निघतात. त्यांना ना ऑफिस ना माणसं. त्यांच्याकडे आलेले लेख जाणकारांकडून तपासून घ्यायचे, मुद्रितं वाचायची, वेबसाइटवर चढवायचे, जुने अंक सांभाळायचे, हे आमचं काम. शिवाय संस्थेचं स्वतःचं एक त्रैमासिक आहे, भाषा आणि लोकजीवनावरचं. जन्म कॉलेजच्या लायब्ररीत काढून मी निवृत्त झाले आणि इथली कार्यवाह होऊन बसले. अध्यक्ष अर्थशास्त्राचे जुने प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात. सर इतके सावकाश बोलतात की वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो.

आम्हाला अभिमान एकाच गोष्टीचा, नावं झाकण्याचा. लेख तपासणाऱ्याला लेखकाचं नाव कळता कामा नये आणि लेखकाला तपासणाऱ्याचं. नियम जगभर आहे, पण बाकीचे पहिल्या पानावरचं नाव खोडतात आणि झालं म्हणतात. आमच्याकडे असलं चालत नाही. नाव, कॉलेज, गाव, गुरूंचे आभार, 'आमच्या घरी', 'माझ्या आजोळी', सगळं मी स्वतः बाजूला काढते. बाई लिहितेय का बाप्या, हेसुद्धा कळू देत नाही. कारण आमचे विषय एवढेसे, की त्यातले जाणकार एका रिक्षात मावतील. कुणी कुणाचा विद्यार्थी, कुणी कुणाचा जावई, कुणाचं कुणाशी वाकडं. जरा कुठे माग लागला की ओळखतात, आणि एकदा ओळखलं की न्याय गेला उडत.

ही पोरगी लासलगावकडची. नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की बसा घरी. लग्नाचं वय चाललंय म्हणून घरचे मागे लागलेले, आणि ही म्हणायची, आधी कायमची नोकरी. तिचा लेख कांदा निवडणाऱ्या बायकांच्या बोलण्यावर होता. लिलाव झाला की व्यापाऱ्यांच्या खळ्यावर, म्हणजे कांदा ओतायच्या-भरायच्या अंगणात, बसून बायका कांदा निवडतात. मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, जोडकांदा वेगळा, सडका वेगळा. व्यापाऱ्यांचे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्या बायका आपसात हसत, कुजबुजत एकेका कांद्याला काय काय नावं ठेवतात, कुणाला 'नांदायला न गेलेली' म्हणतात, कुणाला 'वरून गोरी', ते कुणी टिपून ठेवलं नव्हतं. हिने ठेवलं, कारण ती त्यांच्यातच मोठी झाली होती. लेखाच्या शेवटी आभाराचा परिच्छेद होता. त्यात लिहिलं होतं, की माझी आई खळ्यावर कांदा निवडायची, हे शब्द तिने आणि तिच्या सोबतिणींनी मला दिले. तो परिच्छेद मी दोनदा वाचला. मग नियमाप्रमाणे मी तो परिच्छेद बाजूला काढला आणि लेख तपासायला पाठवला.

तपासणारे दोघं. दोघंही वयस्कर, दोघंही कडक, आणि दोघांनाही घाई म्हणजे काय ते माहीत नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आमची पद्धत अशी की अहवाल येईपर्यंत लेखकाला काही कळवायचं नाही, उगाच आशा लागते. तिचे अधूनमधून फोन यायचे. मी म्हणायचे, "अगं, धीर धर जरा. चांगल्या माणसांच्या हातात आहे."

आणि पेढे आले त्याच आठवड्यात दुसरा अहवालही आला होता! त्या विषयातले सगळ्यात मोठे जाणकार, बाहेरगावचे एक प्राध्यापक, चांगल्या चांगल्यांचे लेख साभार परत पाठवणारे. त्यांनी लिहिलं होतं, असा लेख मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. लेखकाने उभा जन्म या खळ्यांवर घालवलेला दिसतो. हे पिकलेल्या माणसाचं काम आहे. एक शब्द न बदलता छापा, आणि छापून झाल्यावर या गृहस्थांचं नाव मला जरूर कळवा, मला त्यांना जाऊन भेटायचं आहे. मी तो अहवाल सरांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि 'गृहस्थ' म्हटल्यावर आम्ही दोघं खूप हसलो.

त्यामुळे पेढे बघून मला वाटलं, सरांनीच हिला आधी सांगून टाकलं. म्हटलं, "सरांचा फोन आला होता का तुला?"

"नाही मॅडम. अंकच आला की! परवाच ऑनलाइन आलाय." आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

आमच्या त्रैमासिकाचं नाव. आमचा नोंदणी क्रमांक. आमच्याच मुखपृष्ठावरचं रामकुंडाचं रेखाचित्र. खाली संपादक म्हणून सरांचा फोटो, आणि फोटोखाली कुणा भलत्याच माणसाचं नाव. मधे तिचा लेख. मी ते पान वर सरकवलं, खाली सरकवलं. असला अंक आम्ही काढलेला नव्हता. असली वेबसाइट आमची नव्हती.

सरांनी फोटो निरखून पाहिला. "फोटो..." ते म्हणाले, "जुना... आहे."

"अहो सर, फोटोचं काय घेऊन बसलात! आपल्या नावाने कुणीतरी खोटं दुकान थाटलंय." मी ओरडलेच. तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

झालं होतं असं. आमच्याकडून काही कळेना, म्हणून आपला लेख कुठवर आलाय ते बघायला तिने आमचं नाव मोबाइलवर शोधलं. पहिली आली ती ही वेबसाइट, आमची बिचारी कुठेतरी खाली. तिथे लेख चढवायचं बटण होतं. तिला वाटलं, आता आमच्याकडे ऑनलाइन पद्धत सुरू झाली असणार. तिने लेख पुन्हा चढवला. लगेच उत्तर आलं, अभिनंदन, लेख स्वीकारला आहे, फी भरा. पानं कमी करा म्हणाले, तर तिने आभाराचा परिच्छेद काढून टाकला. मग सोनेरी किनारीचं प्रमाणपत्रही आलं. ते तिने कायमच्या नोकरीच्या अर्जाला जोडलं. किती वर्षांनी नाशिकच्या दुसऱ्या एका कॉलेजात जागा निघाली होती, आणि मुलाखत पुढच्याच महिन्यात होती.

"म्हणजे मॅडम, तो लेख गेला का माझा?" तिने विचारलं. मी काय सांगणार? आमचाच नियम आहे, आणि त्याचा मसुदा मीच टाइप केलेला आहे: आधी कुठेही प्रसिद्ध झालेला लेख छापला जाणार नाही. खरा लेख स्वीकारल्याचे दोन्ही अहवाल माझ्या टेबलावर, पेढ्यांच्या बॉक्सशेजारी पडलेले. दुसरा आठ दिवस आधी आला असता तर! पण तसं म्हणायला काय अर्थ.

नंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. मी त्या लोकांना मेलमागून मेल पाठवले, लेख काढा म्हणून. उत्तर यायचं, आदरणीय संशोधक, लेख मागे घेण्याचं शुल्क भरावं. मेल्यांना लाज ना शरम. ती वेबसाइट ज्या कंपनीच्या यंत्रावर होती तिला लिहिलं, तर तिकडून छापील उत्तर, आपली तक्रार आमच्यापर्यंत पोचली. पोचली तर पोचली, पुढे काय? मी सरांना म्हटलं, लेख स्वीकारला असं एक पत्र तरी द्या पोरीला, मुलाखतीत दाखवील. सर म्हणाले, "संपादक मंडळ... बसल्याशिवाय... मी सही कशी करू?" मंडळातले निम्मे लोक परीक्षांच्या कामात, बैठक लागत होती मुलाखतीनंतर. मी आदळआपट केली. सरांना वाईट वाटत होतं, पण सही काही होईना. पंचवीस प्रश्न विचारून कामं अडवणाऱ्यांना आम्हीच जन्मभर शिव्या घातल्या, आणि आता आम्हीच तसे होऊन बसलो होतो.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात होती, जाहीर सूचना. असं खोटं दुकान सापडलं की आम्ही सगळ्या कॉलेजांना, आमच्या सगळ्या तपासणाऱ्यांना कळवतो. हे आमचं नव्हे, आणि त्यात फसलेल्यांची नावं ही, म्हणजे उद्या कुणी त्यांना बोल लावू नये. मी मजकूर तयार केला. तिला दाखवायला बोलावलं, तर ती वाचून खुर्चीतून उठलीच.

"मॅडम, पाया पडते, हे आत्ता नका काढू."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच आहे."

"भलं कुणाला कळतंय मॅडम? लोक एवढंच म्हणतील, हीच ती, पैसे देऊन छापणारी. माझ्या कॉलेजात तर लय जण टपून बसलेत. एकदा मुलाखत होऊ द्या. मग पाहिजे तेवढ्या मोठ्या अक्षरात छापा, मी नाय म्हणणार नाही." बोलता बोलता तिची गावची बोली वर आली होती.

सर विचारात पडले. मी मात्र तिच्या बाजूने झाले. म्हटलं सर, एक महिन्याने काय आभाळ कोसळतंय? सरांनी मान हलवली. सूचना थांबली. तिला मी एवढंच बजावलं, की कुणी विचारलं तर खरं काय झालं ते सगळं सांग, घाबरू नकोस. ती हो म्हणाली. जाताना जिन्यात थांबून म्हणाली, "मॅडम, लेख चांगला होता का पण? खरं सांगा." मी म्हटलं, फार चांगला होता. अहवाल मंडळापुढे गेल्याशिवाय लेखकाला दाखवत नाही, म्हणून तेवढंच म्हटलं.

मुलाखतीच्या दिवशी मी काळारामाला जाऊन आले. मी फारशी देवळात जाणारी नाही, पण त्या दिवशी घरात बसवेना. दुपारनंतर तिला फोन लावला, उचलला नाही. संध्याकाळी लावला, बंद. मी मनाशी म्हटलं, गाडीत असेल, रेंज नसेल. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन टेबल पुसत होते, तर फोन आला. आमचे तेच तपासणारे, बाहेरगावचे ज्येष्ठ प्राध्यापक. इतका उत्साह मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

"बाई, तुमच्या एका लेखकाची काल मी अब्रू वाचवली बघा!"

"म्हणजे?"

"काल तुमच्या नाशकात होतो. एका कॉलेजात मुलाखतींना विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. एक मुलगी आली, आणि तिच्या फाइलीत तोच लेख! आपला कांद्याचा! शब्दन् शब्द तोच. तुमच्या नावाच्या कुठल्याशा बोगस अंकात खुशाल स्वतःच्या नावाने छापून घेतलाय. मी तुमचा अंक पहिल्यापासून वाचतोय, मला फसवतील काय? तिला म्हटलं, बाई, हा लेख खरंच तुमचा? तर पांढरीफटक पडली. मी म्हटलं, हा अंक खोटा आहे आणि लेख कुठून आला ते मला ठाऊक आहे. रडायलाच लागली. म्हणाली, सर, चूक झाली, माफ करा. आता आणखी काय पुरावा पाहिजे? तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं, चोरी आहे. एका पिकल्या माणसाची जन्माची मेहनत, आणि ही कालची पोर..."

माझ्या हातातलं फडकं मी घट्ट धरून ठेवलं होतं.

"सर," मी म्हटलं, "ते गृहस्थ म्हणजे तीच."

"काय?"

"लेख तिचाच आहे सर. ती फसली. आम्हीच कुणाला कळवलं नव्हतं, तिची मुलाखत होऊ दे म्हणून."

मग एकदम वेगळाच, म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "पण तिचं वय... एवढं सगळं तिला कुठून माहीत असणार?"

"तिची आई खळ्यावर कांदा निवडायची सर."

"तसं लेखात कुठे नव्हतं."

"नव्हतं सर. मी काढलं होतं. तुम्हाला लेखक ओळखता येऊ नये म्हणून."

त्यांनी धडपड केली, खोटं का बोलू. लगेच कॉलेजला फोन केले, लेखी कळवलं, स्वतः पुन्हा नाशिकला येऊन गेले. तिथले लोक गोड बोलले. सगळ्यांच्या सह्या झाल्यात सर, दुसऱ्याचं नाव पुढे गेलंय, आणि गैरसमज दूर झाला हे फार चांगलं झालं. म्हणजे गैरसमज दूर झाला आणि जागाही गेली. त्यानंतर त्यांचा मला एक शेवटचा फोन आला. "बाई, तिला माझं नाव सांगू नका. म्हणजे, त्या अहवालाखालचं. तुमचा नियमच आहे ना तो?"

मला इतका संताप आला की कान गरम झाले. एवढा मोठा माणूस, आणि लपायला आमचा नियम सापडला! पण नियम आमचाच होता, मला तो मोडता येईना. "हो सर, नियम आहे," म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

मग सूचना निघाली, ठळक अक्षरात, तिच्या नावासकट. संपादक मंडळही बसलं. लेख खोट्या अंकात गेला ते छापणं धरायचं नाही, खाली टीप देऊन आपण तो छापायचा, असं चहा संपायच्या आत ठरलं. इतकं सोपं होतं ते! सर बैठकीनंतर खुर्चीत तसेच बसून राहिले. मी कपबशा उचलल्या.

तिला बोलावलं. ती आली ती वाळून आली होती. लेख छापतोय म्हटल्यावर "छापा" एवढंच म्हणाली, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मी चहा मागवला. मग आपण होऊनच बोलायला लागली.

"मॅडम, तुम्ही म्हणाला होता सगळं खरं सांग. मी पाठ करून गेले होते. पण तिथे एक म्हातारे सर होते. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं ना, की मी पार गळाले. त्यांना अंक खोटा आहे ते कळलेलं. मला वाटलं, आता काय सांगायचं, पैसे देऊन छापलंय ते दिसतंयच. मी सरळ माफी मागून टाकली. मग ते बाकीच्यांना काहीतरी म्हणाले, मला ऐकूच आलं नाही, कान बंद झाल्यासारखे झाले होते. मला जा म्हणाले." तिने डोळे पुसले. "बाकी कुणाचं काही नाही वाटत. त्या सरांची पुस्तकं मी वर्गात शिकवते, मॅडम. त्यांच्यापुढे असं व्हायला नको होतं."

तिला अजून माहीतच नव्हतं, की त्यांनी तिला चोर म्हटलं. सांगावं की नाही? सांगितलं तर कुठून सुरू करायचं, आणि कुठे थांबायचं? मग दुसरं काहीच सुचेना म्हणून कपाट उघडलं आणि तो अहवाल तिला दिला. मंडळाची बैठक झाली होती, आता लेखकाला तो दाखवायला हरकत नव्हती. खालचं नाव पद्धतीप्रमाणे मी कागद चिकटवून झाकलं होतं.

ती हळूहळू वाचत गेली. 'पिकलेल्या माणसाचं काम' इथे थांबली, परत वाचलं. 'मला त्यांना जाऊन भेटायचं आहे' हे तिने ओठ हलवत वाचलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला, आणि लगेच डोळे भरून आले. कागद छातीशी धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हे कोण आहेत ते मी नाही विचारणार. पण हे सर त्या दिवशी मुलाखतीला असते ना, तर त्यांनी मला ओळखलं असतं. हो ना?"

खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरायला लागलं. ती उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत होती.